पाळणा लांबवायचा, पण ठरवायचं कोणी?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत मांडलेले मनोगत)



गटात आपण रुपया-रुपयाचा हिशोब ठेवतो. कर्ज कोणाला, किती, हप्ता कधी, सगळं ठरावात लिहितो. पण दोन लेकरांत अंतर किती ठेवायचं, हे बऱ्याच घरांत सासू नाहीतर नवरा ठरवतो. तो ठराव आपल्या सहीशिवायच मंजूर होतो.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातल्या शंभर विवाहित बायकांमागे सुमारे ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं आढळलं. पुरुषांचं? शंभरात एकही भरत नाही! आणि ऑपरेशन हा तर कायमचा उपाय. लग्न झाल्यापासून ऑपरेशनपर्यंतच्या वर्षांचं काय? पहिलं लेकरू अंगावर पीत असतानाच दुसऱ्याचे दिवस राहतात. बाईचं रक्त कमी होतं, मजुरी बुडते, गटाचा हप्ता थकतो.

पाळणा लांबवायची साधनं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तांबी पाच किंवा दहा वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवतात. ती छातीत चढते, ही निव्वळ अफवा आहे. 'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. त्यानं पाळी पुढेमागे होते, कधी बंदही होते. घाबरू नका, पण सिस्टरला सांगा. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने लागतात, हेही ध्यानात ठेवा. 'छाया' गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. निरोध तर आहेच. कोणाला काय मानवेल, ते तपासणी करूनच ठरवायचं.

आता पुरुषांचं. त्यांचं ऑपरेशन बिनटाक्याचं, बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं. त्यानं ताकद जात नाही. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरावा लागतो, आणि मग तपासणी करून घ्यायची. हे घरी बोलायला लाज वाटते ना? मग नवऱ्यालाच आशाताईंकडे पाठवा.

आणखी एक. स्वतःच्या ऑपरेशनसाठी नवऱ्याची सही लागत नाही, सरकारी नियम तसा आहे. पण तुमची स्वतःची संमती लागतेच. समजून न घेता कागदावर अंगठा उठवू नका. "दुसरं काय साधन आहे?" असं विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

तर सख्यांनो, पुढच्या मासिक बैठकीला आशाताईंना बोलवा. वसुली झाली की अर्धा तास या विषयाला द्या. आणि येताना सुनेला, नव्यानं लग्न झालेल्या लेकीला सोबत आणा. कारण त्यांना ही माहिती आत्ता हवी आहे, दोन बाळंतपणं झाल्यावर नाही.