मालिका बघणाऱ्या मुलींचे काय करायचे?

(मलकापूर येथे बचत गट व किशोरी गटांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या किशोरी गटातली एक मुलगी मध्यंतरी यायची बंद झाली. घरी गेले तेव्हा कळले, की भावाने तिचा मोबाइल काढून घेतला आहे. गुन्हा काय, तर रात्री पांघरुणात ती कोरियन मालिका बघत होती. आई म्हणाली, "ताई, ते परदेशातलं पाहू पाहू पोरगी बिघडली. आता पाहुणे बोलावले." मुलगी सतरा वर्षांची. त्याच मोबाइलवर तिचा अकरावीचा अभ्यास येत होता. मोबाइल गेला, त्याबरोबर अभ्यास गेला, मैत्रिणी गेल्या, गट गेला. म्हणून आज मी या मालिकांवर बोलणार आहे. हा करमणुकीपुरता विषय राहिलेला नाही.

एमएक्स प्लेयरसारख्या ॲपवर कोरियन, चिनी मालिका फुकट आणि हिंदी आवाजात मिळतात. त्यामुळे त्या आपल्या मुलींपर्यंत सहज पोचल्या. मुलींना नावे ठेवण्याआधी आपण त्या पाहाव्यात असे ठरवले आणि मी पाहिल्या.

पहिला गुण असा, की ही गोष्ट संपते. कोरियन मालिका बहुधा सोळा भागांची असते. चिनी मालिका लांबतात, पण २०२० मध्ये तिथल्या सरकारनेच चाळीस भागांच्या पुढे जाऊ नका असे निर्मात्यांना सांगितले. आपल्याकडे 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००० ते २००८ चालली, अठराशेच्या वर भाग झाले आणि २०२५ मध्ये ती पुन्हा आली. एवढे ओढायचे तर सासू-सुनेचे भांडण मिटून कसे चालेल? भांडण हाच तिथे विकायचा माल असतो.

दुसरा गुण म्हणजे बाईच्या रोजच्या जगण्याकडे असलेले लक्ष. 'व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरीन्स' ही २०२५ ची मालिका जेजू बेटावरच्या एका गरीब मुलीची आहे. तिची आई समुद्रात बुड्या मारून शिंपले काढते आणि त्यावर घर चालवते. मुलीला कविता लिहायच्या आहेत, पण वाट्याला येतो भाजीबाजार आणि संसार. तिच्या सासरी पुरुषांचे ताट वेगळे, बायकांचे वेगळे आणि कमी. एके दिवशी नवरा जेवताना पुरुषांकडे पाठ फिरवतो आणि बायकोच्या ताटाकडे तोंड करून बसतो. भाषण नाही, रडारड नाही. आमच्या गटात एक मुलगी म्हणाली, "ताई, तो उलटा फिरून बायकोसोबत जेवते!" तिच्या घरी आई सगळ्यांच्या मागून जेवते, उरलेसुरले. तोवर हे तिला कधी खटकले नव्हते.

'एक्स्ट्राऑर्डिनरी अॅटर्नी वू' या २०२२ च्या मालिकेत एका विमा कंपनीतल्या बायकांचा खटला आहे. नवरा-बायको दोघे एकाच कंपनीत असतील तर बायकोने राजीनामा द्यावा असा दबाव येतो. बायका कोर्टात जातात आणि हरतात. हरूनही एकत्र बसून जेवतात, हसतात. आपण ज्या केसेस हरलो त्यानंतर असे बसलो होतो का, हे मला आठवून पाहावे लागले.

आपल्याकडे काहीच नव्हते असेही नाही. १९८९ ची 'उडान' पाहून किती मुलींना वर्दी घालावीशी वाटली! 'आई कुठे काय करते' (२०१९ ते २०२४) मध्ये पन्नाशीकडे झुकलेली बाई घटस्फोट घेऊन उभी राहिली, हे बायकांनी घराघरात पाहिले.

आता दोष. २००९ च्या 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स'मध्ये श्रीमंत नायक नायिकेला छळतो, आणि त्यालाच पुढे प्रेम म्हटले जाते. मनगट धरून ओढत नेणे तर कितीतरी मालिकांत दिसते. आमच्या गटातल्या एकीच्या मागे एक मुलगा रोज एसटी स्टँडपर्यंत यायचा. तिला वाटे, हा आपल्यावर जीव टाकतो. बाईने नको म्हटल्यावरही मागे फिरणे हा आपल्याकडे २०१३ पासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. कोरियालाही २०२१ मध्ये यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

दुसरा दोष अधिक खोल आहे. या मालिकांत बाईचे सुख एका चांगल्या पुरुषावर टांगलेले असते. खुद्द कोरियात पुरुषाला १०० मिळतात तिथे बाईला सुमारे ७० मिळतात. कुटुंबाचा प्रमुख पुरुषच, असे मानणारी 'होजू' पद्धत तिथे २००८ मध्ये संपली. ती कुणा देखण्या नायकाने संपवली नाही. तिथल्या बायका त्यासाठी अनेक वर्षे लढल्या.

२०१९ च्या 'ऑल इज वेल' या चिनी मालिकेत आई मुलांवर सगळे उधळते आणि मुलीला डावलते. मुलगी घर सोडून स्वतःच्या पायावर उभी राहते. २०१५ मध्ये 'बेटी बचाओ' योजना सुरू झाली तेव्हा मुली कमी असलेल्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत आपला बुलढाणा होता. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी नाही. पण शेवटी तीच मुलगी नोकरी सोडून आजारी बापाची सेवा करते. फिरून त्याग मुलीच्याच पदरात! आणि चीनमध्ये तर २०२१ मध्ये सरकारने पडद्यावरच्या 'बायकी' पुरुषांवरच बंदी आणली. हळवा पुरुष सत्तेला किती खुपतो पाहा.

मग आपण काय करायचे? मोबाइल हिसकावून मुलगी सुरक्षित होत नाही, एकटी पडते. तिच्याशेजारी बसा, एक भाग पाहा आणि तीन प्रश्न विचारा. यात काम कोण करते? निर्णय कोण घेते? तिला नाही म्हणता आले असते का? मग हेच तीन प्रश्न आपल्या घराला लावा.

त्या मुलीच्या घरी आम्ही तीनदा गेलो. अठरा पूर्ण होण्याआधी लग्न हा गुन्हा आहे आणि १०९८ वर कुणीही कळवू शकते, हे स्पष्ट सांगितले. पाहुणे तूर्त थांबलेत. मोबाइल अजून भावाकडेच आहे. आपल्याला पुन्हा जावे लागेल, आणि या वेळी मी एकटी जाऊ नये असे वाटते. कोण कोण येणार, ते उठण्याआधी सांगा.