दिसणें आणि पाहणें

अंधारांत पडलेली दोरी सर्पासारखी भासते, हा दृष्टान्त आपल्याकडे फार जुना आहे. असा भास कां व्हावा, या प्रश्नाच्या शोधांत रिचर्ड ग्रेगरी या इंग्रज शास्त्रज्ञानें आपलें आयुष्य वेंचलें. त्यांचा जन्म १९२३ सालीं लंडन येथें झाला. दुसऱ्या महायुद्धांत ते विमानदलांत होते; नंतर केंब्रिज येथें त्यांनीं अध्ययन केलें व पुढें तेथेंच अध्यापनही केलें.

त्या काळांत एक विलक्षण प्रसंग घडला. तान्हेपणींच दृष्टि गमावलेल्या एका ५२ वर्षांच्या गृहस्थास १९५९ च्या सुमारास शस्त्रक्रियेनें दिसूं लागलें. ग्रेगरी व त्यांच्या सहकारी जीन वॉलेस यांनीं त्याची परीक्षा केली. अंधशाळेंत बोटांनीं चांचपून शिकलेलीं मोठीं इंग्रजी अक्षरें त्यानें तत्काळ वाचलीं. परंतु स्पर्शानें न शिकलेलीं लहान अक्षरें त्यास वाचतां येईनात. संग्रहालयांतील लेथ यंत्र नुसतें पाहून त्यास उमगेना. हात फिरविल्यावर मात्र तें दिसूं लागलें. अंध असतां निर्भयपणें रस्ता ओलांडणारा हा मनुष्य आतां वाहनांस भिऊं लागला, खिन्न झाला आणि १९६० सालीं निवर्तला.

यावरून ग्रेगरी यांचें मत दृढ झालें कीं, डोळा केवळ खुणा पुरवितो. समोर काय असावें याचा तर्क पूर्वानुभवावरून मेंदू बांधतो. तो तर्क चुकला म्हणजे भास होतो. पोकळ मुखवटा आंतल्या बाजूनें पाहिला तरी त्याचें नाक पुढें आलेलेंच दिसतें. कारण आंत खोल गेलेला चेहरा मेंदूनें कधीं पाहिलेला नसतो. खरें काय तें ठाऊक असूनही भास जात नाहीं, हें विशेष.

१९७० पासून ते ब्रिस्टल येथें प्राध्यापक होते. तेथील एका उपाहारगृहाच्या भिंतीवर फरशांच्या ओळी एकमेकींपासून किंचित् सरकवून बसविलेल्या होत्या. त्यामुळें त्यांमधील समांतर रेषा तिरप्या भासत. प्रयोगशाळेंतील एका सहकाऱ्यानें ही गंमत हेरली, आणि १९७९ सालीं ग्रेगरी व प्रिसिला हर्ड यांनीं तिची मीमांसा प्रसिद्ध केली. मुलांनीं वस्तु हाताळून शास्त्र शिकावें, म्हणून त्यांनीं तेथें ‘एक्स्प्लोरेटरी’ हें विज्ञानकेंद्रही उभारलें. २०१० सालीं त्यांचें निधन झालें.

त्या दुर्दैवी गृहस्थास शस्त्रक्रियेनें दृष्टि दिली. पाहण्याची विद्या मात्र बाळपणापासून हळूहळू शिकावी लागते. आपण ती कधीं शिकलों, हें आपणांस आठवतही नाहीं. म्हणून “मीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें” असें ठासून सांगण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, हेंच बरें.