बाळाचे रक्त वाढावे कसे?



मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून आहे. पण आजचा विषयही एका अर्थी जमाखर्चाचाच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरांपैकी सुमारे ६९ बालकांना रक्तक्षय आढळला.

उपाय म्हणून लोहयुक्त तांदूळ आला. केंद्राच्या २०१९-२० च्या प्रायोगिक योजनेत महाराष्ट्रातून आपला गडचिरोली जिल्हा निवडला गेला. भामरागड व कुरखेडा तालुक्यांत असा तांदूळ रेशनवर मिळाला. ठरलेले प्रमाण किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह. म्हणजे ५० ग्रॅम तांदळाच्या भातातून बाळाला जेमतेम दीड-दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलेही थोडेच रक्तात उतरते.

खाल्लेले सारे लोह जमा होत नाही, हे लक्षात घ्या. चहा ते अडवतो. म्हणून चहात बिस्किट बुडवून बाळाला भरवू नका. वरणभातावर पिळलेले लिंबू लोहाला वाट करून देते. थोडी मासळी किंवा मऊ शिजवलेली कलेजीही तेच करते. हिवतापासारख्या आजारात शरीर स्वतःच लोह घेणे कमी करते. तेव्हा आधी तापाचा इलाज हवा. सहा महिन्यांपर्यंत मात्र आईचे दूधच द्यावे. त्यात लोह थोडे, पण ते चांगले अंगी लागते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरची आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल आदिवासी समाजात आहे, तसा आपल्या समाजातही आहे. या आजारात रक्तपेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी होते. तिथे केवळ लोह देऊन भागत नाही. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याचा धोका चारांत एक असतो. वाहक असणे हा कलंक नव्हे. तपासणी टाळणे मात्र घातक आहे.

म्हणून मातांनो, बाळ पांढरे पडले, सुस्त झाले, तर दुकानातून टॉनिक आणू नका. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन आणि सिकलसेल दोन्ही तपासून घ्या. विद्यार्थी मित्रांनो, लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी स्वतःचीही तपासणी करा. पत्रिका जुळवण्यापेक्षा रक्ताचा अहवाल पाहणे अधिक शहाणपणाचे आहे.