आधी मोजा, मग बदला
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागलेल्या प्रत्येकाला लवकरच एक अडचण येते. छोट्या मोटरला ६ व्होल्ट लागतात, रेडिओला ९, एलईडीच्या पट्टीला १२. दर वेळी वेगळा अडॅप्टर आणायचा कुठून? नॉब फिरवून हवे तेवढे व्होल्टेज देणारा पॉवर सप्लाय हा त्यावरचा उपाय. तो बाजारात तयार मिळतो. पण घरी बांधला, तर त्याच्याबरोबर दोष शोधण्याची शिस्त मिळते, आणि ती कुठल्याच दुकानात मिळत नाही.

याचे मुख्य टप्पे चार. ट्रान्सफॉर्मर घरातल्या २३० व्होल्टचे १५ व्होल्ट करतो. चार डायोडांचा ब्रिज एसीचे डीसी करतो. हा डीसी सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो. २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकीसारखा साठा करून ते खड्डे भरून काढतो. इथे मीटर लावला तर १५ नव्हे, २० च्या आसपास व्होल्ट दिसतात. नवखा माणूस दचकतो. पण १५ व्होल्ट एसीचे शिखर २१ च्या वर असते आणि डायोड त्यातले सव्वा-दीड व्होल्ट खातात, म्हणून हा आकडा बरोबरच आहे.

चौथा टप्पा म्हणजे एलएम ३१७ हा तीन पायांचा आयसी. अमेरिकेतील नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत बॉब डॉबकिन यांनी १९७६ मध्ये तो घडवला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत तो आजही सहज मिळतो. आउटपुट आणि ॲडजस्ट या दोन पायांत १.२५ व्होल्ट कायम राखणे, एवढेच त्याचे काम. त्या दोन पायांत २४० ओहमचा रेझिस्टर आणि ॲडजस्टपासून निगेटिव्हपर्यंत ५ किलोओहमचा पॉट जोडला, की पॉट फिरवू तसे व्होल्टेज बदलते.

आता बिघाडांकडे वळू. सप्लाय चालला नाही, की बहुतेक जण आधी आयसी बदलतात, मग डायोड, मग कपॅसिटर. खिसा रिकामा होतो आणि दोष तिथेच राहतो. त्यापेक्षा मल्टिमीटर घेऊन टप्प्याटप्प्याने पुढे जावे. ट्रान्सफॉर्मरनंतर १५ व्होल्ट एसी आहे का? कपॅसिटरवर २० च्या आसपास डीसी आहे का? ज्या दोन टप्प्यांच्या मध्ये आकडा बिघडतो, तिथेच दोष असतो.

लक्षणेही बोलकी असतात. आउटपुट १.२५ वरच अडकले, तर ॲडजस्टचा पाय निगेटिव्हला टेकला आहे का ते पाहा. उलट ते सर्वात वर जाऊन बसले आणि नॉबला दाद देईना, तर पॉटची जोडणी तुटली असेल किंवा आयसी आतून शॉर्ट झाला असेल. रेडिओ लावताच घरघर येऊ लागली, तर कपॅसिटर सुकला असेल किंवा एखादा डायोड उघडा पडला असेल. नॉब निम्म्याहून थोडा पुढे गेल्यावर व्होल्टेज वाढायचे थांबते, तो मात्र दोष नाही. आयसीला स्वतःसाठी अडीच-तीन व्होल्ट लागतात. २० आत गेले तर १७ च्या आसपासच बाहेर येणार.

काही मिनिटे चालून सप्लाय मान टाकतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो, ही तक्रारही नेहमीची. २० व्होल्टमधून ५ व्होल्ट आणि १ ॲम्पियर घेतला, तर १५ वॅट नुसते उष्णतेत जातात. आयसी तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. त्याला मोठा हीटसिंक द्या. आयसीची धातूची पाठ आतून आउटपुटला जोडलेली असते, म्हणून मध्ये अभ्रकाची चकती हवीच. नाहीतर हीटसिंक पेटीला टेकताच शॉर्ट होईल.

आता सर्वात महत्त्वाचे. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडची बाजू जिवावर बेतू शकते. तिथे फ्यूज हवा, लोखंडी पेटीला अर्थिंग हवे आणि एकही तार उघडी नको. हात घालण्यापूर्वी नुसता खटका बंद करू नका, सॉकेटमधून पिन काढा. वायरिंग उलटे असेल, तर खटका बंद असूनही तारेत वीज असते. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठा उरतो. रेझिस्टर लावून तो उतरू द्या. कपॅसिटरचे प्लस-मायनस उलटे झाले तर तो फुटतो, म्हणून तेही दोनदा पाहा.

पहिल्यांदा सप्लाय सुरू करताना इलेक्ट्रिशियनचा सिरीज बोर्ड वापरावा. ६० वॅटचा तारेचा बल्ब सप्लायच्या ओळीत येतो. बल्ब क्षणभर लकाकून मंद झाला तर ठीक. झगझगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. ट्रान्सफॉर्मर जळण्याआधीच इशारा मिळतो.

घरात मुले असा सप्लाय बांधत असतील, तर त्यांना या खेळापासून दूर ठेवू नका. २३० व्होल्टची बाजू जाणत्या माणसाने जोडून बंदिस्त करावी आणि पुढचे सारे मुलांना करू द्यावे. सप्लाय बंद पडला, की त्यांना एवढेच विचारा, ‘तू कुठपर्यंत मोजलंस?’