एकमेकांना शिकविणारी मुले

(मंडळीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मदतीवर शिकणाऱ्या एका मुलाची हकीकत आज सांगते. तो सातपुड्यातल्या पाड्यावरचा, पावरा समाजाचा. आश्रमशाळेत मराठीतून शिकला. डॉक्टरकीला नंबर लागला तेव्हा पाड्यावर ढोल वाजला आणि इथे आपण उपकारस्तुती केली. पण पहिल्या वर्षी तो शरीरक्रियाशास्त्रात नापास झाला. एमबीबीएसचे पहिले वर्ष चार प्रयत्नांत पार करावे लागते. एका रात्री त्याचा फोन आला, "ताई, मला परत यायचंय. वर्गात काय सांगतात ते कळत नाही, आणि विचारायची लाज वाटते."

मी घाईने शिकवणीचे पैसे पाठवले. ती शिकवणीही इंग्रजीतच होती. पैसे संपले, भीती तशीच राहिली. पैसे पोचले म्हणजे गरज भागली, असे मी धरून चालले. ही माझी चूक.

मदत आली ती वसतिगृहातल्या शेजारच्या खोलीतून. त्याच्याच वर्गातले तिघे रोज जेवणानंतर एकत्र बसत. एकेकाने एकेक विषय वाचून इतरांना समजावून सांगायचा, असा त्यांचा नियम. त्यांनी याला ओढून नेले. काही दिवस तो नुसता ऐकत होता. मग त्याची पाळी आली. विषय होता मूत्रपिंड. तो मराठीतच बोलला, "घर साफ करताना आपण सगळं सामान अंगणात काढतो आणि कामाचं तेवढंच परत आत नेतो. मूत्रपिंडही तसंच करतं. दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतं आणि बहुतेक सगळं रक्तात परत घेतं." गटातला सर्वांत हुशार मुलगा म्हणाला, "मला हे पाठ होतं. कळलं मात्र आज."

दुसऱ्या प्रयत्नात आपला मुलगा पास झाला.

पावसाळ्यात ते चौघे आपल्या आरोग्य शिबिराला आले. शहरातल्या एकाने जुलाब झालेल्या बाळाच्या आईला ओआरएसची माहिती दिली. तिने मान हलवली. आपला मुलगा हळूच म्हणाला, "मान हलवली म्हणजे कळलं असं नाही. त्यांनाच करून दाखवायला सांग." आईने लिटरभर पाण्याचे अख्खे पाकीट एका पेल्यात ओतले! इतके खारट पाणी बाळाला अपाय करते. मग त्याने पावरी बोलीत, लिटरची बाटली हातात घेऊन, सगळे पुन्हा दाखवले. हे पाणी 24 तासांत संपवायचे, उरले तर टाकून द्यायचे. झिंकची गोळी 14 दिवस द्यायची, जुलाब थांबले तरी. त्याचा मित्र शेजारी बसून ती पावरी वाक्ये वहीत उतरवून घेत होता.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18 मध्ये अपुल्लोची गोष्ट आहे. तो मोठा वक्ता, शास्त्रात प्रवीण. तरी तंबू शिवणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला, आणि त्याने तो ऐकून घेतला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच करून दाखवले. त्यांनी घडवलेल्या आरोग्यसेविकांपैकी कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या एकमेकींकडून शिकल्या, आणि पुढे देशोदेशीचे लोक त्यांच्याकडून शिकायला आले.

म्हणून आज माझी विनंती फीपुरती नाही. सुटीत चार मुलांना एकत्र बसून अभ्यास करता येईल अशी एखादी खोली द्या. आपल्यातल्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी महिन्यातून एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसावे. शिकवायला या, तसेच ऐकायलाही या.

आपला मुलगा आता दुसऱ्या वर्षाला आहे. आश्रमशाळेतून आलेली पहिल्या वर्षाची दोन मुले रोज रात्री त्याच्या खोलीत बसतात. परवा फोनवर म्हणाला, "ताई, ती दोघं विचारायला लाजतात. म्हणून आधी मीच त्यांना विचारतो."

त्या खोलीसाठी प्रार्थना करा. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.