शिक्का, मोर्तब आणि मुखत्यार

१६६५ च्या पुरंदरच्या तहात आमचा तिकोणा मोगलांकडे गेला. अशा वेळी गड सोडण्याचा हुकूम खरा की बनावट, हे किल्लेदाराने ओळखावे कसे? पत्रावर शिक्का असे आणि मजकूर संपताच मोर्तब. मागाहून ओळ घुसडायला जागाच नाही.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट, आपले मुखत्यारच ते, एकमेकांना निरोप धाडतात. खासगी किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने पडताळता येते. एक अक्षर बदलले तरी जुळत नाही. पण या साधनाची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याने स्पष्ट सांगावे, असे आम्ही म्हणतो: सही जुळली म्हणजे निरोप त्या किल्लीचा आणि अखंड, हुकूम शहाणपणाचा आहे, असे नव्हे. कोणी मागितली तरी मुखत्याराने खासगी किल्ली देऊ नये. आणि ती चोरीस गेली, तर कोणत्या दिवसानंतरच्या सह्या मानू नयेत, तेही लिहावे.