अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



गणेशोत्सवाच्या मंगल प्रसंगी दवाखान्याचा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण आपला हा भागच दवाखान्याच्या नावाने ओळखला जातो. हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यातले हिंदूराव, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. १८३५ साली विल्यम फ्रेझरचा खून झाल्यावर त्याचा टेकडीवरचा बंगला त्यांनी विकत घेतला. १८५७ च्या लढाईत तो गाजला आणि पुढे तिथे रुग्णालय झाले. एका मराठी माणसाचे नाव दिल्लीकर अडीअडचणीला घेतात, ते असे.

मी डॉक्टर नाही, डिप्लोमा झालेला साधा इंजिनियर आहे. पण सहकाऱ्यांच्या सोबतीला आयसीयूबाहेरच्या बाकावर बऱ्याच रात्री काढल्या आहेत. आमच्या एका सहकाऱ्याचे वडील असेच आत होते. थोरल्याला सकाळच्या डॉक्टरांनी ‘क्रिटिकल’ सांगितले, धाकट्याला रात्रीच्यांनी ‘स्टेबल’. दोघांनी गावाकडे वेगवेगळे फोन केले. काका म्हणाले, घरी आणा. आत्या म्हणाली, काहीही करा पण वाचवा. वडील गेले, आणि भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत. खरे म्हणजे दोन्ही डॉक्टर बरोबर होते. ‘स्टेबल’ म्हणजे बरे नव्हे; कालच्यापेक्षा बिघडलेले नाही, एवढेच. गंभीर रुग्णही स्टेबल असतो.

हा आपला अडाणीपणा मानू नका. २००० साली फ्रान्समध्ये झालेल्या एका पाहणीत, डॉक्टरांशी बोलून आलेल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांना आजार, उपचार किंवा पुढची शक्यता नीट समजलेली नव्हती. भीतीने माणसाचे कान बंद होतात.

सर्वांत मोठा गैरसमज व्हेंटिलेटरचा. कुणी म्हणते, लावला म्हणजे संपले. कुणी म्हणते, लावला म्हणजे वाचणार. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने फुगा दाबून रुग्णांना श्वास दिला. त्यातूनच आजचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. आपण पुलाच्या दुरुस्तीत गर्डरखाली स्लीपरांचा टेकू देतो ना, तसे हे आहे. टेकू पूल दुरुस्त करत नाही, दुरुस्तीला वेळ मिळवून देतो. खालचा पायाच खचला असेल तर टेकू कितीही दिवस ठेवा, उपयोग नाही. रुग्ण डोळे उघडत नाही तो पुष्कळदा गुंगीच्या औषधामुळे. हात बांधलेले असतात ते नळी उपसू नये म्हणून.

म्हणून डॉक्टरांना चार प्रश्न विचारा.
१) मूळ आजार कोणता, आणि तो आटोक्यात येतो आहे का?
२) फुप्फुस, हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांपैकी कशाला आधार द्यावा लागतो आहे?
३) कालच्यापेक्षा आधार वाढला की कमी झाला?
४) वाचले तर चालते-बोलते होतील का?

घरातला एकच माणूस रोज डॉक्टरांना भेटेल असे ठरवा. आपण ड्यूटीचा चार्ज देताना लिहून देतो, तसे त्याने वहीत लिहावे आणि तेच सर्वांना वाचून दाखवावे.

शेवटचे थोडे अवघड आहे. मुंबईच्या केईएममधील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. पुष्कळांना वाटते की त्या व्हेंटिलेटरवर होत्या. तसे नव्हते, त्या वर्षानुवर्षे स्वतः श्वास घेत होत्या आणि परिचारिका त्यांना भरवत होत्या. २०११ साली त्यांच्याच खटल्यात निरर्थक उपचार थांबवण्याचा प्रश्न देशापुढे आला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. राजपत्रित अधिकारी तर आपल्या खात्यात पुष्कळ आहेत!

लिहायचे नसेल तर निदान बोला. आईवडील धडधाकट असताना, चहा पिताना विचारा, ‘बाबा, तुम्हाला काय हवे?’ त्यांचे उत्तर ठाऊक असेल तर त्या दाराबाहेर भावाभावांत भांडण होणार नाही.

 गणपती बाप्पा मोरया!